एका दुपारचे नवरा-बायको

2024 साली आलेल्या ‘मिस्टर अँड मिसेस स्मिथ’ या मालिकेत एकमेकांना कधीही न पाहिलेली दोन माणसे एका गुप्त संस्थेत नोकरीला लागतात आणि नवरा-बायको म्हणून एकाच घरात राहू लागतात. त्याआधीच्या ‘द अमेरिकन्स’मधल्या सोव्हिएत हेरांचाही संसार असाच वरून लावून दिलेला. त्या मालिकेमागे 2010 मध्ये अमेरिकेत पकडलेल्या रशियन हेरांचे खरे प्रकरण होते.

त्याच 2010 साली बीड जिल्ह्यातल्या परळीत वेगळीच हेरगिरी झाली. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने डॉ. सुदाम मुंडे यांच्या दवाखान्यात स्टिंग ऑपरेशन केले. गर्भलिंगनिदान बंद दाराआड चालते. सांगणारा आणि ऐकणारा दोघेही खूश असतात, मग तक्रार करणार कोण? म्हणून पुरावा हवा असेल तर गिऱ्हाईक बनून आत जावे लागते. सरकारी भाषेत याला ‘डिकॉय’ म्हणतात.

यातली बाई खरोखर गरोदर लागते, कारण सोनोग्राफीच्या यंत्रापुढे सोंग चालत नाही. नाते मात्र बनावट असू शकते. सोबतचा कार्यकर्ता किंवा कर्मचारी कधी नवरा होतो, कधी दीर, कधी भाऊ. दोघे एका गावचे नसतात, एका वयाचे नसतात, कधी कधी आदल्या दिवसापर्यंत ओळखही नसते. तरी लग्नाला किती वर्षे झाली, आधीच्या पोरी किती, कितवा महिना, कुणी पाठवले, या प्रश्नांची दोघांची उत्तरे जुळावी लागतात. गिऱ्हाईक आणून देणारा एजंट बाईला एकीकडे आणि ‘नवऱ्या’ला दुसरीकडे घेऊन विचारू शकतो. निघण्याआधी पंचांसमोर नोटांचे नंबर लिहून घेतात. त्याच नोटा पुढे छाप्यात सापडल्या, तर तो पुरावा होतो.

कायद्यात नवऱ्याच्या भूमिकेला मोठे वजन आहे. 1994 च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या कलम 24 नुसार, उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालय असे धरून चालते की, गरोदर बाईला ही तपासणी नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी करायला भाग पाडले. घराघरातला दबाव ओळखून लिहिलेले हे कलम आहे.

मालिकेतल्या हेराची सारी धडपड खरे नाव लपवण्यासाठी असते. इथे उलटे आहे. सोंग फार तर एका दुपारचे; त्यानंतर त्या बाईला खऱ्या नावाने, खऱ्या पत्त्यासह न्यायालयात उभे राहावे लागते. तोवर बाळ जन्मून चालायलाही लागलेले असते. उलटतपासणीत तिच्या बोलण्यातला शब्द न् शब्द उसवला जातो. तारखांवर तारखा पडतात, रोजगार बुडतो, गावात कुजबुज होते. खरे धाडस लागते ते इथे, आणि तिच्यामागे कायम उभी राहणारी यंत्रणा आपण अजून उभारलेली नाही.

परळीत यंत्रणेच्या या उणिवेची किंमत मोजावी लागली. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे फक्त 807 मुली भरल्या. राज्यात हा नीचांक होता. 2001 मध्ये याच जिल्ह्यात 894 होत्या. 6 मे 2012 रोजी ‘सत्यमेव जयते’ या टीव्ही कार्यक्रमाचा पहिला भाग स्त्रीभ्रूणहत्येवर दाखवला गेला. राजस्थानात गरोदर महिलांना सोबत घेऊन शंभराहून अधिक डॉक्टरांना उघडे पाडणारे वार्ताहर मीना शर्मा आणि श्रीपाल शक्तावत त्यात देशाला दिसले. त्यानंतर बाराच दिवसांनी, 18 मे रोजी, मुंडे यांच्या दवाखान्यात गर्भपाताच्या वेळी एका महिलेचा मृत्यू झाला. तिला आधीच्या मुलीच होत्या. स्टिंगला दोन वर्षे होत आली होती आणि दवाखाना चालूच होता. या एका गोष्टीचा राग आजही यायला हवा.

फेब्रुवारी 2019 मध्ये बीडच्या न्यायालयाने डॉ. सुदाम आणि डॉ. सरस्वती मुंडे या डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. मृत महिलेच्या नवऱ्यालाही शिक्षा झाली.

पण धंदा तिथे थांबला नाही. जून 2022 मध्ये बीडजवळच्या बक्करवाडीत बेकायदा गर्भपातानंतर आणखी एका महिलेचा जीव गेला आणि त्या प्रकरणात एका अंगणवाडी सेविकेला अटक झाली. पाटी लावलेल्या दवाखान्यात किमान जाऊन बसता तरी येते. पण बिनपाटीच्या धंद्यात उचलून नेता येणारे सोनोग्राफीचे यंत्र आज एका घरात, उद्या दुसऱ्या घरात असते. तिथे पोहोचायचे, तर डिकॉय जोडप्याला आधी एजंटाचा विश्वास मिळवावा लागतो, आणि तो अनेकदा ओळखीतलाच, गावातलाच माणूस असतो. अशा वेळी बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांपेक्षा बीडचीच बोली बोलणारी, इथल्याच वाडी-वस्तीवरची माणसे या कामाला जास्त उपयोगी पडतील. पण खटला संपल्यावर त्यांना राहायचे त्याच गावात असते. म्हणून साक्षीदाराचे संरक्षण आणि बुडालेल्या रोजाची भरपाई यांची सोय छाप्याच्या तयारीतच झाली पाहिजे.