पाठीच्या दुखण्याचें मोल

छत्रपति संभाजीनगराहून वेरुळाकडे निघालें कीं वाटेंत छावणी लागते. सैनिकाच्या ताठ कण्याचें आपणां सर्वांस कौतुक. पण तोच कणा दुखावला तर त्याचें मोल कसें ठरतें, हें फार थोड्या घरांत ठाऊक असतें.

लष्करी वैद्यांचें मंडळ अपंगत्व शेंकड्यांत ठरवितें आणि तें सेवेमुळें आलें किंवा वाढलें काय, हेंहि लिहितें. खरी मेख या दुसऱ्या नोंदींत आहे. हात गेला तर तो सर्वांस दिसतो. मणक्यांतील सरकलेली चकती कोणास दिसणार? भरतीच्या वेळीं नोंद नसलेला विकार, उलट पुरावा नसल्यास, सेवेंतच जडला असें मानावें, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं धर्मवीर सिंग यांच्या खटल्यांत दिला. वीसपासून पन्नासच्या आंत भरलेलें अपंगत्व पन्नास धरण्याची सवलत मुदत भरून निवृत्त झालेल्यांसहि २०१४ च्या निकालानें मिळाली. सप्टेंबर २०२३ मध्यें नियम बदलले. तेव्हां सेवा कधीं संपली, हें आधीं पाहावें.

१९६५ च्या युद्धांत कण्यास गोळी लागलेले आपले मुरलीकांत पेटकर १९७२ सालीं हायडेलबर्गला पोहण्यांत सुवर्णपदक जिंकते झाले. असा पराक्रम दाखवून इतरांच्या निवृत्तिवेतनाबद्दल नाक मुरडणारेहि भेटतात. आम्हांस तें मुळींच पटत नाहीं.

घरांतील कर्त्या मंडळींनीं भरतीचे व लष्करी रुग्णालयाचे कागद जपून ठेवावे. मागणी नाकारली गेल्यास प्रथम अपील करावें. तेंहि फेटाळल्यास मुंबईस सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचें पीठ आहे. अर्ज लिहिण्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत साह्य मिळतें.