काळजीची पारख (लेखमाला : उतारवयाचा आधार)

वृद्धनिवासाचा दर्जा तिथल्या सर्वांत परावलंबी रहिवाशावरून ठरतो. स्वतः उठून जेवायला येणाऱ्या, आल्यागेल्याशी गप्पा मारणाऱ्या आजोबांची सोय बहुतेक ठिकाणी बरी लागते. अंथरुणाला खिळलेल्या, धड बोलता न येणाऱ्या आणि भेटायला कोणी न येणाऱ्या आजींची अवस्था पाहिल्याशिवाय मात्र संस्थेविषयी मत बनवू नये.

सुरगाण्यासारख्या तालुक्यात ही कसोटी विशेष महत्त्वाची आहे. दिवाळीनंतर इथली असंख्य कुटुंबे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात आणि होळीच्या सुमारास परततात. एवढे महिने म्हाताऱ्या माणसाकडे पाहायला घरात कोणी नसते. त्याला वृद्धनिवासात ठेवले, तर नेमक्या याच काळात भेटीही थांबतात. म्हणून गावात राहणारा एखादा भाऊबंद भेटीसाठी आधीच ठरवून द्यावा आणि तो ठरलेली वेळ न सांगता जाईल, असे पाहावे.

आरोग्यसेवेचा दर्जा मोजण्यासाठी अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशी तीन अंगे मांडली. रचना म्हणजे इमारत, खाटा, माणसे. ती पाहायला सोपी, म्हणून नातेवाईक तिथेच थांबतात. न्हाणीघरात धरायला दांडी, न घसरणारी फरशी, कमोडची सोय आणि सुरगाण्याच्या पावसात वीज गेल्यावर चालणारा दिवा एवढे असले, की रचनेबद्दल फार चिकित्सा करण्याचे कारण नाही. खरी पारख प्रक्रियेत आणि परिणामांत होते.

परिणामांतली सर्वांत बोलकी खूण म्हणजे अंथरुणातील जखम, म्हणजेच बेडसोअर. माकडहाड, खुबा आणि टाच इथे हाडाचा दाब सतत पडला, की त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो. सुरुवातीला तिथे लाली येते आणि बोटाने दाबले तरी ती जात नाही. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही; तिथे हात लावून ऊब किंवा कडकपणा तपासावा लागतो. स्वतः हलू न शकणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे आणि पुरेसा आहार देणे हे त्यावरचे उपाय आहेत. हवेची गादी मदत करते, पण ती आहे म्हणून कूस बदलणे थांबवता येत नाही. काही जखमा उत्तम काळजी घेऊनही होतात. तरीही एकाच घरात अनेकांना त्या असतील, तर रात्री कोणी उठत नाही असेच समजावे.

दुसरी खूण वजन. महिनाभरात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन आपोआप घटणे गंभीर मानतात. ४० किलोच्या आजींच्या बाबतीत महिन्यात दोन किलो म्हणजे धोक्याची सूचना. दरमहा वजनाची नोंद ठेवणारी संस्था निम्मी परीक्षा तिथेच उत्तीर्ण होते. वजन का घटते, ते जेवणाच्या वेळी कळते. ताट पुढे ठेवून मावशी निघून जाते की शेजारी बसून भरवते? जन्मभर नागलीची भाकरी खाल्लेल्या, दात नसलेल्या माणसाला ती दुधात किंवा आमटीत कुस्करून मिळते का? स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती पुष्कळदा आपल्या पहिल्या भाषेकडे वळते. कोकणा बोलीत पाणी मागणाऱ्या आजीचे बोलणे समजणारे एक तरी माणूस तिथे हवे. नाही तर ती तहानलेलीच राहते.

लहान घराचे बळ ओळखीत असते. दहा-बारा रहिवासी असले, की कोणाला कोणती कूस सोसत नाही हे मावशीला ठाऊक होते. त्याची कमजोरीही तिथेच आहे. दोनच मावश्या असतील आणि त्यांतली एक भाताच्या आवणीला घरी गेली, तर सगळा भार दुसरीवर येतो. बदली माणूस कोण आणि रात्री जागे कोण राहते, हे दोन प्रश्न चालकाला स्पष्टपणे विचारावेत. माणसे कमी पडली, की भटकणाऱ्या रहिवाशाला खाटेला बांधणे किंवा झोपेच्या गोळीने गप्प ठेवणे सुरू होते. भरदिवसा सगळेच पेंगलेले दिसले, तर औषधांची वही आणि डॉक्टरांची चिठ्ठी ताडून पाहावी. नाशिकला पोहोचायला घाटरस्त्याने दोन तासांहून अधिक लागत असल्याने १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कधी बोलवायची, हेही आधीच ठरलेले असावे.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निराधारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रमाची तरतूद आहे. खासगी वृद्धनिवासांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवू पाहणारे २०१९ चे दुरुस्ती विधेयक मात्र मंजूर झाले नाही. त्यामुळे देखरेखीचा मोठा भाग अजून नातेवाइकांवरच पडतो. दुर्लक्ष किंवा छळ आढळल्यास एल्डरलाइनच्या १४५६७ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत तक्रार करता येते.