नाव, अंतर आणि टेकाड : बायबलमधील गावे ओळखायची कशी?

बायबलच्या जुन्या करारात शेकडो गावांची नावे येतात. राजे तिथे लढतात, संदेष्टे तिथे जन्मतात, वाटण्यांच्या याद्यांत ती ओळीने मोजली जातात. त्या ग्रंथासोबत नकाशा मात्र नाही. आजच्या छापील बायबलच्या शेवटी जे नकाशे असतात, त्यांतला प्रत्येक ठिपका कुणीतरी, काही पुराव्यावरून, बहुधा गेल्या पावणेदोनशे वर्षांत टाकलेला आहे. त्यातले काही ठिपके पक्के आहेत, काही अंदाजाचे आहेत, आणि छापताना दोन्ही सारख्याच शाईत उमटतात. हा फरक कसा ओळखायचा, ते या लेखात पाहू.

या शोधाची शास्त्रशुद्ध सुरुवात एडवर्ड रॉबिन्सन या अमेरिकी अभ्यासकाने केली. 1838 साली तो पॅलेस्टाइनमध्ये फिरला. सोबत होता एली स्मिथ, उत्तम अरबी जाणणारा मिशनरी. (स्मिथला पाठवणारे अमेरिकन बोर्ड तेच, ज्याने 1813 पासून मुंबईत आपले मराठी मिशन चालवले.) त्याआधीचे यात्रेकरू मठांतून ऐकलेल्या कथांवर विसंबत. या दोघांनी शेतकऱ्यांना आणि मेंढपाळांना एकच प्रश्न विचारला : या जागेला तुम्ही काय म्हणता?

उत्तरे थक्क करणारी होती. हिब्रू आणि अरबी या बहिणी-बहिणी. त्यामुळे जुनी नावे अरबी तोंडात बसताना ठरावीक नियमाने बदलली होती. हिब्रूतल्या ‘ग’चा अरबीत ‘ज’ होतो, म्हणून गेबाचे जबा झाले. ‘श’चा ‘स’ होऊन मिखमाशचे मुखमास झाले. बेथेलचे बैतीन झाले. यिर्मया संदेष्ट्याचे अनाथोथ अनाता या नावाने नांदत होते. आणि गिबोन झाले होते अल-जिब.

राज्यकर्त्यांनी दिलेली नावे टिकतातच असे नाही. लोदला रोमनांनी दिओस्पोलिस म्हटले, बेथ-शानला ग्रीकांनी स्किथोपोलिस. सरकारी कागदांवर ही नावे शतकानुशतके चालली. रोमन सत्ता गेली आणि लोक म्हणाले लुद्द आणि बैसान. शेतावरच्या माणसाने जुने नाव सोडलेलेच नव्हते. अपवादही आहेत. शखेमजवळ रोमनांनी वसवलेल्या नव्या शहराचे, ‘नियापोलिस’चे, नाव टिकले आणि आजचे नाब्लुस त्यातून आले. जुन्या शखेमची जागा मात्र त्या शहरालगतच्या तेल बलाता या टेकाडात निघाली.

दुसरा पुरावा अंतराचा. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप युसेबियस याने बायबलमधल्या स्थळांचा एक कोश ग्रीकमध्ये लिहिला. अमुक गाव तमुक शहरापासून इतक्या मैलांवर, अशा नोंदी त्यात आहेत. रोमन मैल सुमारे दीड किलोमीटरचा आणि रस्त्यावर मैलाचे दगड रोवलेले, त्यामुळे या नोंदी उपयोगी पडतात. आपल्याकडे तगर म्हणजे तेर, हे फ्लीटने 1901 मध्ये मांडले, तेव्हाही एका ग्रीक ग्रंथातले पैठणपासूनचे अंतर असेच हाताशी होते.

तिसरा पुरावा जमिनीचा. आपल्याकडे जिला पांढर म्हणतात, तशी एकावर एक वस्त्यांची माती साचून तिथे जी टेकाडे तयार झाली, त्यांना ‘तेल’ म्हणतात. रॉबिन्सनला हे माहीत नव्हते. टेकाडे त्याला दिसली, पण ती माणसाने रचली आहेत हे त्याच्या ध्यानात आले नाही. 1890 मध्ये फ्लिंडर्स पेट्री याने तेल अल-हेसी खणले आणि खापरांच्या बदलत्या घडणीवरून थरांचे वय ठरवता येते, हे दाखवून दिले. तेव्हापासून कोणत्याही जागेला एक साधा प्रश्न विचारता येऊ लागला : ग्रंथ ज्या काळात इथे वस्ती होती म्हणतो, त्या काळाची खापरे इथे आहेत का?

या प्रश्नापुढे नुसते नाव किती तोकडे पडते, ते लाखीशच्या उदाहरणात दिसते. उम्म लाकिस नावाचे ठिकाण होते, म्हणून अनेकांनी तिथे लाखीश धरले. पेट्रीला तिथे रोमन काळाआधीचे काही मिळाले नाही. त्याने लाखीश हलवून तेल अल-हेसीवर नेले. पण ते टेकाड एवढ्या मोठ्या तटबंदीच्या शहराला लहान होते. 1929 मध्ये ऑल्ब्राइटने तेल अद-दुवैर सुचवले. या नावाचा लाखीशशी काडीचा संबंध नाही. तरी युसेबियसच्या अंतराशी ते बरेच जुळत होते. शिवाय अश्शूरचा राजा सन्हेरीब याने इ.स.पू. 701 मध्ये लाखीश जिंकल्याचे शिल्पपट निनवेच्या राजवाड्यात सापडले होते, आणि त्यांत तटावर चढवलेला वेढ्याचा उतार कोरलेला आहे. दुवैरच्या नैऋत्य कोपऱ्यात तसाच उतार प्रत्यक्ष उभा आहे. 1935 मध्ये तिथल्या वेशीत शाईने लिहिलेली खापरे निघाली. त्यांतल्या एका पत्रात लाखीशच्या अग्निसंकेतांकडे डोळे लावून बसल्याचा आणि अजेका दिसत नसल्याचा उल्लेख आहे. बाबेलच्या स्वारीत शेवटपर्यंत टिकलेली म्हणून यिर्मया नेमकी हीच दोन शहरे सांगतो.

एक्रोनचेही तसेच. अकिर या गावाच्या नावावरून रॉबिन्सनने एक्रोन तिथे ठरवले. पण तिथे पलिष्ट्यांच्या शहराला साजेसे टेकाडच नाही. 1957 मध्ये योसेफ नावे याने दक्षिणेकडचे तेल मिक्ने सुचवले. 1996 मध्ये तिथल्या मंदिराच्या अवशेषांत पाच ओळींचा शिलालेख मिळाला : पादीचा मुलगा, एक्रोनचा अधिपती आखीश याने हे देवालय बांधले. पादीचे नाव सन्हेरीबच्या लेखांतही आहे. वाद मिटला.

शिलालेखातही तारतम्य हवे. अल-जिबला जेम्स प्रिचर्डने 1956 पासून उत्खनन केले, तेव्हा ‘गिबोन’ असे कोरलेल्या घड्यांच्या मुठी तिसावर निघाल्या. पण घड्यावरचे नाव माल कुठला ते सांगते, घडा कुठे पडला ते नव्हे. आपल्या घरात नाशिकचे खोके असले म्हणून आपले घर नाशिकला जात नाही. प्रिचर्डची बाजू भक्कम झाली ती तिथेच खडकात खोदलेली द्राक्षरसाची तळघरे मिळाली म्हणून. घडे भरले जात होते ते इथेच.

काही ठिकाणी ग्रंथच एकमताने बोलत नाही. लूकच्या शुभवर्तमानातले अम्माऊस यरुशलेमपासून 60 स्टेडियावर, म्हणजे सुमारे 11 किलोमीटरवर आहे. काही जुन्या हस्तलिखितांत मात्र 160 म्हटले आहे. ते होतात जवळजवळ 30 किलोमीटर. इम्वास या गावात नाव टिकले आहे, पण ते लांबच्या अंतराशी जुळते. कुबैबा जवळच्या अंतराशी जुळते, पण तिथे नावाचा पुरावा नाही. अशा वेळी नकाशावर ठिपक्यापुढे प्रश्नचिन्ह टाकणे हेच खरे.

या साऱ्यामागे एक गोष्ट आहे, जी नकाशात दिसत नाही. रॉबिन्सनचा मुख्य साक्षीदार होता तिथला अरबी बोलणारा शेतकरी. अकिर 1948 च्या युद्धात रिकामे झाले. इम्वास 1967 च्या युद्धानंतर पाडले गेले. महसुली भाषेत आपण ज्याला बेचिराख म्हणतो, तशी ही गावे. वस्ती उठली की ओढ्याचे, खळ्याचे, टेकाडाचे नाव सांगणारे तोंड जाते, आणि ते नाव नंतर कुठल्याही उत्खननात सापडत नाही. 1870 च्या दशकात काँडर आणि किचनर यांनी त्या मुलखाची पाहणी करून हजारो नावे टिपून ठेवली, म्हणून निदान ती कागदावर उरली. नवीन राज्याने जागांना पुन्हा हिब्रू नावे दिली. त्यांतली काही पुराव्याने आलेली आहेत, काही इच्छेने. पाटी वाचून हा भेद कळत नाही.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपल्या कोकणातले बेने इस्राएल नवगावकर, पेणकर अशी गावांवरून आलेली आडनावे घेऊन तिकडे गेले. त्यांतले कितीतरी त्याच प्राचीन लोदमध्ये आणि अश्दोदमध्ये राहतात. उद्या नवगावचे नाव बदलले, तरी ते त्यांच्या आडनावात सापडेल.

तेव्हा ‘बायबलमधले अमुक गाव सापडले’ अशी बातमी पुढच्या वेळी वाचाल, तेव्हा चार गोष्टी विचारा. नाव जुळते का? अंतर आणि शेजारची गावे जुळतात का? त्या काळाचा थर तिथे आहे का? आणि लेख असेल, तर तो जागचा आहे की बाहेरून आलेला? चारही उत्तरे होकारार्थी येणारी ठिकाणे थोडी आहेत. दोन-तीन होकार असतील, तर ‘बहुधा’ म्हणावे. आणि नुसत्या नावाचाच होकार असेल, तर उम्म लाकिस आठवावे.