भाताच्या पेशीतले जस्ताचे बोट

४ मे २०२५ रोजी दिल्लीत भाताचे दोन जनुक-संपादित वाण जाहीर झाले, ‘पुसा डीएसटी राइस १’ आणि ‘डीआरआर धान १०० (कमला)’. शिफारस केलेल्या राज्यांत महाराष्ट्रही आहे. बातम्यांत या दोन वेगवेगळ्या करामती ठरल्या. खरे तर दोन्हींच्या मुळाशी एकच क्रिया आहे : डीएसटी नावाचे प्रथिन डीएनएवरची ठरावीक अक्षरे ओळखते.

डीएसटी ‘झिंक फिंगर’ म्हणजे जस्ताच्या बोटाच्या घराण्यातले. सुमारे तीस अमिनो आम्लांची साखळी दुमडते, दोन सिस्टीन व दोन हिस्टिडीन मिळून जस्ताचा आयन धरून ठेवतात आणि त्या आधाराने घडलेला वळसा डीएनएच्या खाचेत शिरतो. १९८५ मध्ये ॲरन क्लुग यांच्या गटाने बेडकाच्या एका प्रथिनात अशी नऊ बोटे ओळीने असल्याचे दाखवले. प्राण्यांत ही बोटे बहुधा एकमेकांना खेटून असतात आणि एकेक बोट साधारण तीन अक्षरे वाचते. वनस्पतींनी वाट बदलली. १९९२ मध्ये पेटुनियात सापडलेल्या प्रथिनापासून जे चित्र उलगडत गेले, त्यात बोटे थोडी आणि मधली अंतरे लांब आहेत. वळशावर मात्र क्यूएएलजीजीएच ही सहा आम्लांची खूण आहे. ती बिघडवली की डीएनएवरची पकड सुटते. अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीतल्या अशा जस्ताच्या बोटांच्या १७६ प्रथिनांपैकी केवळ ३३ इतर केंद्रकधारी सजीवांतही टिकून आहेत. जनुकांच्या नकला होत गेल्या म्हणून आकडा फुगला, असे कोणी म्हणेल. नकला झाल्याच, पण त्या पसाऱ्यात अनेक प्रथिनांत ही खूण शाबूत राहिली ती नैसर्गिक निवडीने राखली म्हणूनच.

डीएसटीत असे एकच बोट आहे. ते मोजकीच अक्षरे वाचते, त्यामुळे अनेक जनुकांपाशी त्याला थारा मिळू शकतो. शांघायच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले, की डीएसटी बिघडले तर पानांत हायड्रोजन पेरॉक्साइड साचते, पर्णरंध्रे मिटतात आणि रोप दुष्काळ व खारेपणा सोसते. २०१३ मध्ये कळले, की हेच प्रथिन सीकेएक्स२ जनुकावरही हुकूम चालवते. त्या जनुकाचे प्रथिन सायटोकायनिन हे संप्रेरक मोडते आणि ओंबीतले दाणे घटवते. ‘पुसा’मध्ये वाचणारे प्रथिन बदलले, तर ‘कमला’मध्ये वाचले जाणारे सीकेएक्स२!

मग बिघाड इतका फायद्याचा, तर निसर्गाने डीएसटी राखले कशाला? उघड्या रंध्रांतून कर्बवायू आत येतो. भरल्या खाचरात ती मिटवून रोपाला काय मिळणार? फायदा-तोटा पाण्यावर ठरतो.

भारताने २०२२ मध्ये परका डीएनए नसलेल्या संपादित पिकांना जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली. न्यूझीलंडमध्ये मात्र १९९६ च्या कायद्याने अशी रोपे जीएमच ठरतात, आणि तो बदलण्याचे विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये मांडले गेले. दोन्हीकडे वाद परक्या डीएनएवर अडकला आहे. मला तो दुय्यम वाटतो. एक बोट अनेक जनुकांवर चालत असेल, तर गोंदिया-भंडाऱ्याच्या शेतात ओल्या आणि कोरड्या, दोन्ही वर्षांचे उत्पन्नाचे आकडे शेतकऱ्यासमोर उघडे ठेवायला हवेत.