हातचे पत्र आणि मनाची वही

चौथीच्या वर्गात ‘मामास पत्र लिहा’ असा प्रश्न घातला असता पंचवीस मुलांच्या पंचवीस कागदांवर एकच मामा अवतरतो, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेक शिक्षकबंधुभगिनींना असेल. हा मामा नेहमी पुण्यास किंवा मुंबईस राहतो. त्याने वाढदिवसाला घड्याळ पाठविलेले असते. आणि भाचा त्याचा अत्यंत आभारी असतो. प्रत्यक्षात त्या वर्गातील कोणाचा मामा शेतात कापूस वेचीत असतो, कोणाचा टोळीबरोबर ऊसतोडीस गेलेला असतो, तर कोणाला मामाच नसतो. तारीख उजव्या कोपऱ्यात, मायना बिनचूक, शेवटी ‘आपला आज्ञाधारक’. पाचपैकी चार गुण देऊन आपण कागद बाजूस ठेवतो. परंतु त्या कागदावर ते मूल कोठे आहे, असे कोणी विचारले तर आपणांस उत्तर देणे कठीण पडेल.

लेखन शिकविणे म्हणजे केवळ अक्षरे काढावयास शिकविणे नव्हे. आपल्या मनातील गोष्ट आपल्या हाताने दुसऱ्यास कळविता येणे आणि तीच गोष्ट स्वतःशी मांडून पाहता येणे, ही लेखनाची दोन मोठी प्रयोजने होत. पहिल्याचे साधन पत्र. दुसऱ्याचे साधन वही. या दोन्ही साधनांची परंपरा आपल्या मराठवाड्याच्या मातीत फार जुनी आहे, आणि एका साध्या प्राथमिक शाळेतही ती चालविता येते, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कोऱ्या कागदाची गोष्ट

मराठीतील सर्वांत प्रसिद्ध पत्र कोरे होते. परंपरा अशी सांगते की, योगी चांगदेव ज्ञानेश्वरांस पत्र लिहावयास बसले आणि मायन्यापाशीच अडले. वयाने पाहावे तर ज्ञानेश्वर बालक, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे. अधिकाराने पाहावे तर ते श्रेष्ठ, म्हणून ‘तीर्थरूप’ लिहावे. निर्णय होईना, तेव्हा त्यांनी कोराच कागद पाठविला. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी त्याचे उत्तर पासष्ट ओव्यांत दिले. तीच ‘चांगदेव पासष्टी’ होय.

ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. कारण मायना हा पाठ करावयाचा साचा नसून समोरच्या माणसाशी आपले नाते काय, या प्रश्नाचे ते उत्तर आहे, हे तीमधून मुलांस सहज उमगते. आईवडिलांस ‘तीर्थरूप’, वडीलधाऱ्या आप्तांस ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, आणि परक्या सद्‌गृहस्थास ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असे लिहिण्याची रीत होती. आज घरोघर ‘प्रिय आई’ असे लिहिले तरी काही बिघडत नाही. मात्र कोणता शब्द योजावा, याचा क्षणभर विचार मुलाने स्वतः केला पाहिजे. चांगदेव अडले तेथे मूलही अडले, तर तो त्याचा दोष न समजता लेखनाचा आरंभ समजावा.

अक्षर कोणासाठी?

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे शेजारच्या जालना जिल्ह्यात आहे. त्यांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. सुलेखनाचा पाठ घेणाऱ्या शिक्षकाने तो एकवार मुळातून वाचावा. अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे, ओळी मोत्यांच्या माळेप्रमाणे दिसाव्यात, आरंभीचे अक्षर जसे तसेच ग्रंथ संपेपर्यंतचे असावे, असे समर्थ सांगतात. त्यांच्या दोन सूचना तर विशेष ध्यानात घेण्यासारख्या आहेत. कागदाच्या सभोवती जागा सोडावी, म्हणजे कडा झिजून गेल्या तरी अक्षर जात नाही, ही एक. तरुणपणी लिहिलेले बारीक अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून अक्षर मध्यम आकाराचे असावे, ही दुसरी.

या दोन्ही सूचनांच्या मुळाशी वाचणाऱ्याची काळजी आहे. मुलांना ‘अक्षर सुंदर काढा’ असे शंभरदा सांगण्यापेक्षा ‘हे पत्र तुझी आजी वाचणार आहे, तिला दिसेल का?’ असे एकदा विचारावे. अक्षर आपोआप मोठे व मोकळे होऊ लागते. ज्या घरी वाचणारे कोणी नाही तेथे ते पत्र शेजारचा कोणी मोठ्याने वाचून दाखविणार असतो. मग मूल आपण होऊन वाक्ये लहान करते, आणि मजकुराखाली आपल्या शेळीचे चित्रही काढते. असे चित्र हा पत्राचाच भाग समजावा.

हाताने अक्षर काढण्याच्या उपयोगाबद्दल अलीकडे इतरत्रही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात वाचता न येणाऱ्या, सुमारे पाच वर्षांच्या बालकांवर केलेला एक लहानसा प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांनी अक्षर स्वतःच्या हाताने मोकळेपणी काढले असता, पुढे ते अक्षर पाहताना वाचनाशी संबंधित असलेले मेंदूचे भाग जसे जागे होतात, तसे ते कळ दाबून किंवा नुसते गिरवून होत नाहीत, असे त्यात दिसून आले. प्रयोग लहान होता, हे खरे. तथापि कित्ता गिरविण्यापाशीच थांबू नये, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

पत्र टपालात पडलेच पाहिजे

हिंदुस्थानात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. त्या वेळी त्याची किंमत पाव आणा होती. आपला जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याची टपालतिकिटे १८६९ पासून स्वतंत्र होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हे राज्य भारतात आले आणि पुढे टपालही एक झाले. १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन क्रमांक आला. त्यातील पहिल्या तीन आकड्यांवरून पत्राची विभागणी होते व शेवटच्या तीन आकड्यांवरून वाटपाचे टपालघर कळते. परभणीचा ४३१४०१ हा क्रमांक फळ्यावर लिहून शेजारी आपल्या गावाचा क्रमांक लिहिला, तर भूगोल व अंकगणित या दोहोंचाही पाठ होतो.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट ही की, शाळेत लिहिलेले पत्र खरोखर गेले पाहिजे. जे पत्र कोठेच जावयाचे नाही ते लिहिताना मूल काल्पनिक मामाच उभा करणार. उलट, दिवाळीनंतर ऊसतोडीस गेलेल्या आईवडिलांस लिहावयाचे असले म्हणजे मजकूर सुचवावा लागत नाही. ‘काळी गाय व्याली. आजीचा गुडघा दुखतो. मी पंधराचा पाढा म्हटला. तुम्ही कधी येणार?’ या चार वाक्यांत मायना चुकला असेल, ऱ्हस्वदीर्घही चुकले असेल. परंतु ते पत्र आहे. अशा मुक्कामाचा पत्ता निश्चित नसतो, ही अडचण खरी. टोळी निघण्यापूर्वीच मुकादमाचे नाव, कारखान्याचे नाव, गाव व तालुका लिहून घ्यावा. तेही न जमल्यास टोळीकडे जाणाऱ्या माणसाच्या हाती पत्र द्यावे.

दूरध्वनीवर बोलणे होत असता पत्र कशास, असा प्रश्न पालक करतील. बोलणे अवश्य व्हावे. पण बोललेला शब्द त्याच रात्री विरून जातो. पत्र मात्र आई पिशवीत जपून ठेवते व पुन्हा काढून पाहते. शिवाय दूरध्वनीवर ‘बरा आहे’ एवढेच म्हणणारे लाजरे मूल कागदावर चार ओळी अधिक सांगून जाते.

मोठ्यांनी लहानांस मनापासून लिहिलेले पत्र कसे असते, हे पाहावयाचे असल्यास साने गुरुजींची ‘सुंदर पत्रे’ वाचावीत. ती त्यांनी आपल्या सुधा या पुतणीस लिहिली. अमळनेरच्या छात्रालयात असताना गुरुजी मुलांसाठी हाताने लिहिलेले ‘छात्रालय’ दैनिक चालवीत. छापखाना नसलेल्या शाळेसही जे जमण्यासारखे आहे, त्याचे हे उदाहरण होय. टपाल खात्यातर्फे ‘ढाई आखर’ नावाची पत्रलेखन स्पर्धाही भरते व तीत प्रादेशिक भाषेत पत्र लिहिता येते. तिचीही माहिती टपालघरातून घ्यावी.

मनाची वही

आता दुसऱ्या साधनाकडे वळू. संत जनाबाई आपल्या गंगाखेडच्या. लहानपणीच त्या पंढरपुरास नामदेवांच्या घरी गेल्या आणि दळणकांडण, शेणगोवऱ्या करीत त्यांनी अभंग रचिले. त्यांच्या नावावर असलेल्या एका अभंगात कोणत्या संताचे बोल कोणी लिहून घेतले, याची यादी आहे. सावता माळ्याचे काशिबा गुरवाने लिहिले, चोखामेळ्याचे अनंतभट्टाने लिहिले, आणि जनीचे? ते प्रत्यक्ष पांडुरंगाने लिहिले. जिच्याकडे ना टाक, ना लेखनिक, त्या दासीची अशी श्रद्धा की, आपले बोल वाया जात नाहीत, ते कोणीतरी लिहून घेत आहे. आपल्या वर्गातील प्रत्येक मुलास असेच वाटावयास हवे.

दुसरे उदाहरण संत बहिणाबाईंचे. त्यांचा जन्म १६२८ साली वेरूळजवळील देवगाव येथे झाला. तुकाराम महाराजांना त्यांनी गुरू मानले आणि आपले जीवन अभंगांतून सांगितले. त्या आत्मकथनात एका वासराची हकीकत आहे. कोल्हापुरास असताना हे वासरू त्यांच्या मागोमाग कीर्तनासही जाई; त्यापायी पतीचा राग व मार त्यांस सोसावा लागला; आणि पुढे ते वासरू मेले. लहान वयातील हे दुःख, त्यातून मनात उठलेले प्रश्न आणि त्यांना लाभलेला आधार, हे सर्व त्यांनी मांडून ठेविले. त्यांच्या श्रद्धेच्या कथेतून ते वासरू वेगळे काढता येत नाही, हे लक्षात घ्यावे. आपल्या वर्गातील मुलाचे वासरू मेले, तर तेही त्याच्या वहीत आलेच पाहिजे.

मुलांना अशी एक वही द्यावी. जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून ती सहज होते. तीत मूल लिहील, चित्र काढील, पिंपळाचे पान चिकटवील, आजीकडून ऐकलेली जात्यावरची ओवी उतरून घेईल. कोणी आषाढी वारीसाठी गंगाखेडवरून जाणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीचे लिहील, कोणी परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाचे, कोणी १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे, तर कोणी जिंतूरजवळच्या नेमगिरीचे. ‘मला कशामुळे धीर येतो?’, ‘आज मी कोणाचे उपकार मानावे?’ असे प्रश्न फळ्यावर लिहिले म्हणजे पुरे. ज्या मुलास देवाविषयी काहीच लिहावयाचे नसेल, त्याने आपल्या आईविषयी किंवा विहिरीजवळच्या चिंचेविषयी लिहावे. तीही श्रद्धाच होय.

येथे शिक्षकाने एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. पूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देऊ नये, असे राज्यघटनेचे अठ्ठाविसावे कलम सांगते. म्हणून श्रद्धा कशी असावी, हे आपण शिकवावयाचे नाही. जे मुलाच्या मनात आहे ते लिहावयास शांत वेळ व कागद द्यावयाचा, एवढेच आपले काम.

व्यवहारातील सूचना

१. आठवड्यातून एक तासिका पत्रास व रोजची दहा मिनिटे वहीस द्यावीत. त्या दहा मिनिटांत शिक्षकानेही आपली वही लिहावी. सांगण्यापेक्षा पाहून मुले लवकर शिकतात.

२. पत्रात शुद्धलेखन अवश्य सुधारावे, परंतु ते कच्च्या कागदावर व शिसपेन्सिलीने. मजकूर बदलू नये.

३. वही तपासू नये, तिला गुण देऊ नयेत व मुलाच्या संमतीवाचून ती उघडू नये. तांबडी शाई एकदा वहीत उतरली की त्या वहीतही पुण्याचा मामा येऊन बसतो.

४. एखाद्या मुलाने आपण होऊन दाखविलेल्या पानात मारहाण, उपासमार किंवा भीती आढळली, तर ते पान वर्गात वाचू नये. मुलास एकांतात धीर द्यावा, मुख्याध्यापकांशी बोलावे आणि जरूर तर १०९८ या बालकांच्या मदतक्रमांकावर कळवावे.

५. आलेले उत्तर ज्याचे त्यास प्रथम एकट्याने वाचू द्यावे. त्याची इच्छा असल्यास मग वर्गास ऐकवावे. ज्यास उत्तर आले नाही त्यास दुसऱ्या दिवशी शिक्षकानेच चार ओळींचे पत्र लिहावे.

ही शेवटची सूचना सर्वांत लहान आहे. पण तीच विसरू नये, अशी विनंती आहे. वर्षअखेर आपल्या हाती तपासण्याजोगे फार काही उरणार नाही. पत्रे गावोगावी गेलेली असतील आणि वह्या मुलांच्या दप्तरात मिटलेल्या असतील. परंतु पुढील वर्षी ‘मामास पत्र लिहा’ असा प्रश्न घातला असता पंचवीस कागदांवर पंचवीस निरनिराळे मामा दिसू लागले, आणि एखाद्याने ‘मला मामा नाही, म्हणून मी आत्याला लिहितो’ असे लिहिले, तर आपले काम योग्य मार्गाने चालले आहे, असे निःशंक समजावे.