दातांसाठी दोन फेऱ्या

भरिताच्या हंगामात अमेरिकेहून जळगाव-धुळ्याला येणाऱ्या निवृत्त मंडळींची दोन कामे ठरलेली असतात. कायमचे परतता येईल का, याचा अंदाज घेणे आणि दात करून घेणे. तिकडच्या ज्येष्ठांच्या मूळ मेडिकेअरमध्ये दातांचे बहुतेक उपचार येत नाहीत, म्हणून इथे खर्च परवडतो. अडचण आहे ती घाईची: ‘डॉक्टर, तीन आठवड्यांत सगळं उरका.’

दात साफ करणे, कीड काढून भरणे, रूट कॅनॉल एवढे त्यात होते. इम्प्लांटचे गणित वेगळे. टायटॅनियमच्या स्क्रूला जबड्याचे हाड घट्ट धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. काही निवडक रुग्णांत लगेच दात बसवतात, पण त्याचा हट्ट धरू नये.

म्हणून स्क्रू डिसेंबरात, दात मे महिन्यात. मेमध्ये यायला सगळेच नाक मुरडतात. पण इथे राहायचे तर पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हाचे गाव पाहायलाच हवे. नळाला किती दिवसांनी पाणी येते, रात्री छातीत दुखले तर रुग्णालय किती लांब, हेही तेव्हाच पाहा.

एका काकूंनी हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेले इंजेक्शन सांगितलेच नव्हते. ‘दाताचा काय संबंध?’ संबंध आहे. अशा औषधांनंतर दात काढला, तर क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही सांगा, मात्र स्वतःहून बंद करू नका. मधुमेह असेल तर एचबीएवनसीचा ताजा रिपोर्ट आणा. परत जाताना एक्स-रे आणि इम्प्लांटची कंपनी व माप लिहिलेला कागद मागून घ्या. तिकडे स्क्रू ढिला झाला तर डॉक्टर आधी तोच विचारतील.