एकाच मातापित्यांची भावंडे, तरी बीज निराळे : सिकलसेलच्या निमित्ताने अनुवंशाचा विचार

विदर्भात वैद्यकी करणाऱ्यास सिकलसेल हा व्याधी अपरिचित नाही. लकडगंजमधील आरागिरण्या, लाकडाच्या वखारी आणि लगतची इतवारीची बाजारपेठ यांमुळे येथील चिकित्सालयांत भंडारा, गोंदिया, उमरेड तसेच छत्तीसगडकडील कुटुंबे नित्य येत असतात. एखाद्या घरात एक मूल सिकलसेलग्रस्त असल्याचे निदान झाले की पालक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, ‘बाकीची मुले धडधाकट आहेत, मग यालाच कसे झाले?’ दुसरा, ‘हा दोष आईकडून आला की वडिलांकडून?’ या दोन प्रश्नांना वैद्याने दिलेल्या उत्तरावर त्या घरातील उरलेल्या भावंडांची तपासणी, त्यांचे विवाह आणि पुष्कळदा त्या मातेची घरातील प्रतिष्ठा अवलंबून असते. म्हणून भावंडांमध्ये बीजाची वाटणी नेमकी कशी होते, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

बीजाची वाटणी

मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे एकूण ४६ गुणसूत्रे असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र मातेकडून व एक पित्याकडून आलेले असते. आपणां वैद्यांना परिचित असा दृष्टांत घ्यावयाचा तर, प्रत्येक व्यक्तीजवळ एकाच ग्रंथाच्या दोन हस्तलिखित पोथ्या असतात. प्रत्येक पोथीत २३ अध्याय असून दोहोंत ठिकठिकाणी पाठभेद आहेत. अपत्याला देण्यासाठी पिता या दोन पोथ्यांवरून एकच नवी प्रत तयार करतो. एखादा अध्याय पहिल्या पोथीतून उतरला जातो, दुसरा दुसऱ्या पोथीतून. कित्येकदा एकाच अध्यायाचा पूर्वार्ध एका पोथीतला आणि उत्तरार्ध दुसऱ्या पोथीतला असतो. माताही याच रीतीने आपल्या दोन पोथ्यांवरून एक प्रत तयार करते. या दोन नव्या प्रती मिळून अपत्याचा ग्रंथ पूर्ण होतो.

पुढील अपत्याच्या वेळी हे लेखनकार्य पुन्हा पहिल्यापासून होते. मागच्या वेळी कोणता अध्याय कोणत्या पोथीतून घेतला, याची कोठेही नोंद राहत नाही. केवळ अध्यायांची निवड जमेस धरली, तरी एका पालकाकडून ८३,८८,६०८ प्रकारच्या प्रती निघू शकतात. ही संख्या चौऱ्याऐंशी लक्षांच्या किती निकट आहे हे वाचकांच्या ध्यानी येईलच. अर्थात हा निव्वळ योगायोग होय. दोन्ही पालकांचा एकत्र विचार केला असता ती सुमारे ७० लाख कोटींवर जाते, आणि अध्यायांतर्गत सरमिसळ तीत धरलेलीच नाही. सख्ख्या भावंडांत रूप, बल आणि प्रकृती यांचे एवढे वैविध्य का दिसते, याचे मुख्य कारण येथे आहे.

भावंडांत समान अंश किती?

‘सख्ख्या भावंडांत निम्मे डी.एन.ए. समान असते’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे विधान सरासरी म्हणून योग्य आहे. प्रत्येक जोडीस ते तंतोतंत लागू पडत नाही. माता-अपत्य किंवा पिता-अपत्य या नात्यात निम्मा वाटा निश्चित असतो. भावंडांत मात्र तो कमीअधिक होतो. पीटर व्हिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली भावंडांच्या ४,४०१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हा समान अंश सुमारे ३७ टक्क्यांपासून ६२ टक्क्यांपर्यंत आढळला.

एखाद्या विशिष्ट जनुकापुरते पाहिले तर गणित अधिक स्पष्ट होते. दोन भावंडांना त्या जनुकाच्या दोन्ही प्रती समान मिळण्याची शक्यता एक-चतुर्थांश, एकच प्रत समान असण्याची शक्यता एक-द्वितीयांश आणि एकही समान नसण्याची शक्यता पुन्हा एक-चतुर्थांश असते. म्हणजे कोणत्याही एका जनुकाच्या बाबतीत सख्खी भावंडे परस्परांना परकी असू शकतात. समबीज जुळ्यांत डी.एन.ए. जवळजवळ पूर्णपणे समान असते. भिन्नबीज जुळी मात्र या दृष्टीने सामान्य भावंडांसारखीच असतात.

सिकलसेलचा हिशोब

हिमोग्लोबीनच्या बीटा साखळीचे जनुक ११व्या गुणसूत्रावर असते. त्यातील एका अक्षराच्या पाठभेदामुळे साखळीच्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि ‘एस’ हिमोग्लोबीन तयार होते. प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबीन परस्परांस चिकटते आणि लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा शुक्ला व सोळंकी यांचा निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हा प्रश्न आपल्या प्रदेशाच्या वैद्यकीय नकाशावर आहे.

माता व पिता दोघेही वाहक, म्हणजे ‘ए.एस.’, असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य निर्दोष (ए.ए.) असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक (ए.एस.) असण्याची ५० टक्के आणि ग्रस्त (एस.एस.) असण्याची २५ टक्के असते. यावरून ‘चारांत एक’ असे सांगितले जाते आणि पालक त्याचा भलताच अर्थ घेतात. पहिले मूल ग्रस्त निघाले, तेव्हा पुढची तीन सुरक्षित, असा त्यांचा समज होतो. वास्तविक प्रत्येक गर्भाच्या वेळी फासा नव्याने पडतो. अशा दांपत्याची चारही अपत्ये व्याधीमुक्त असण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के आहे. उलट लागोपाठ दोन अपत्ये ग्रस्त होण्याची शक्यता सोळांत एक आहे. आधीच्या मुलांवरून पुढच्या मुलाविषयी दिलासा देणे वैद्याने कटाक्षाने टाळावे.

याहून महत्त्वाचा मुद्दा निरोगी दिसणाऱ्या भावंडांचा आहे. मातापिता दोघेही वाहक आणि एक मूल ग्रस्त असेल, तर त्याच्या निरोगी बहिणीची वा भावाची वाहक असण्याची शक्यता निम्मी नसून दोन-तृतीयांश असते. कारण सरळ आहे. ते भावंड ग्रस्त नाही हे कळले, की चार शक्यतांपैकी एक बाद होते. उरलेल्या तिघांपैकी दोन वाहकाच्या आहेत. पालकांपैकी एक स्वतः ग्रस्त व दुसरा वाहक असेल, तर निम्मी अपत्ये ग्रस्त होण्याचा संभव असतो आणि निरोगी दिसणारे प्रत्येक अपत्य निश्चितपणे वाहक असते. ‘बाकीची धडधाकट आहेत’ या वाक्यावर समाधान मानणे किती अपुरे आहे, हे यावरून दिसून येईल.

संहितांतील विचार

सुश्रुतसंहितेत शुक्र-शोणिताच्या दोषामुळे होणाऱ्या व्याधींना ‘आदिबलप्रवृत्त’ म्हटले असून त्यांचे मातृज व पितृज असे भेद केले आहेत. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील तिसऱ्या अध्यायात तर आपल्या विषयाशी थेट संबंध असलेली शंका उपस्थित केली आहे : मातापित्यांपासून गर्भ निर्माण होतो, तर जड, अंध, पंगू इत्यादींची अपत्ये तशीच का होत नाहीत? समाधानाचा आशय असा, की ज्या अवयवाच्या बीजातील बीजभाग दुष्ट असतो, त्याच अवयवात विकृती येते. तो दुष्ट नसेल तर येत नाही. चौथ्या अध्यायात बीजभागाचाही अवयव विचारात घेतला आहे. आचार्यांना डी.एन.ए. ठाऊक होते, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु पालकाचा संपूर्ण देह आणि अपत्याला प्रत्यक्ष मिळालेला बीजाचा अंश यांत त्यांनी केलेला भेद आजही मार्गदर्शक आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. चरकोक्त मातृज भावांत रक्ताची गणना आहे. त्या आधारे रक्ताचा व्याधी मातेकडून आला, असे कोणी सुचविल्यास ते वस्तुस्थितीला सोडून होईल. एस.एस. अपत्याला सदोष प्रत दोन्ही पालकांकडून मिळालेली असते. एकीकडून मिळाली तर ते केवळ वाहक होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे पती-पत्नी दोघांना एकत्र बसवून स्पष्ट शब्दांत सांगावे. सुनेला दोष देऊन माहेरी पाठविण्याचे प्रसंग अशा एका वाक्याने टळू शकतात.

एकाच घरात दोन रुग्ण, तीव्रता निराळी

दोन भावंडे एस.एस. असूनही एकास वारंवार वेदनेचे वेग येतात आणि दुसरे शाळा बुडवीत नाही, असे आढळते. सिकलसेलचे जनुक समान असले तरी इतर जनुके समान असतीलच असे नाही. गर्भावस्थेतील हिमोग्लोबीन जन्मानंतर किती टिकून राहावे हे ठरविणारी काही जनुके अन्य गुणसूत्रांवर आहेत, आणि अल्फा थॅलॅसेमियाची सहस्थितीही लक्षणांत फरक पाडते. यांची वाटणी स्वतंत्रपणे होते. शिवाय आहार, पाणी, श्रम, ताप आणि थंडी यांचा परिणाम होतोच. म्हणून मोठ्या भावाचा अनुभव धाकट्या बहिणीस जसाच्या तसा लावू नये.

हाच नियम मज्जा प्रत्यारोपणात प्रकर्षाने दिसतो. त्यासाठी एच.एल.ए. प्रकार जुळावा लागतो आणि ही जनुके ६व्या गुणसूत्रावर एकगठ्ठा असतात. एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, दोन भावंडे असल्यास कोणाशी तरी जुळण्याची सुमारे ४४ टक्के आणि तीन असल्यास सुमारे ५८ टक्के असते. सिकलसेलचे जनुक ११व्या गुणसूत्रावर असल्यामुळे दोहोंचा परस्परसंबंध नाही. वाहक भावंड दाता होऊ शकते; ग्रस्त भावंड होऊ शकत नाही. दोन्ही अटींत बसणारे भावंड मिळण्याची शक्यता प्रत्येकी सोळांत तीन इतकीच उरते. ‘भाऊ आहे, म्हणजे मज्जा मिळेलच’ असे आश्वासन कोणी देऊ नये.

वैद्यांचे व औषधालयचालकांचे कर्तव्य

१. एक रुग्ण सापडताच मातापिता व सर्व भावंडांची तपासणी सुचवावी. सोल्युबिलिटी चाचणी ‘एस’ हिमोग्लोबीन आहे एवढेच सांगते. वाहक की ग्रस्त हे तीवरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. करावी. एक पालक सिकलसेलवाहक व दुसरा बीटा थॅलॅसेमियावाहक असल्यासही अपत्यास गंभीर व्याधी संभवतो, आणि थॅलॅसेमिया सोल्युबिलिटी चाचणीत दिसतच नाही.

२. पांडुता दिसली म्हणून मंडूर, नवायस किंवा लोहभस्माचे कल्प तत्काळ सुरू करू नयेत. येथे रक्तक्षय पेशी फुटण्यामुळे होतो. लोहाची उणीव असतेच असे नाही, आणि वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णात लोह आधीच साचलेले असते. फेरिटिनची तपासणी करून मगच निर्णय घ्यावा. एका भावंडासाठी लिहिलेला लोहकल्प दुसऱ्यासाठी मागितला गेल्यास औषधालयाने चौकशी केल्याविना देऊ नये.

३. ग्रस्त रुग्णात वमन, विरेचन व दीर्घ लंघन टाळावे. शरीरातील जलांश घटला की वेदनेचा वेग उद्भवू शकतो. सांधेदुखी आमवाताची समजण्यापूर्वी, आणि लहान बालकाच्या हातापायांस सूज असल्यास, सिकलसेलचा विचार करावा. ताप, छातीत वेदना, श्वास लागणे किंवा प्लीहा अकस्मात वाढणे या स्थितींत रुग्णास विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे. चालू असलेले हायड्रॉक्सियुरिया आपल्या सांगण्यावरून बंद होऊ नये.

४. विवाहापूर्वी निरोगी दिसणाऱ्या भावंडांचीही तपासणी व्हावी. शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायाचे नावच ‘अतुल्यगोत्रीय’ असे आहे. तथापि गोत्र भिन्न असले तरी दोघेही वाहक असू शकतात, हे आजच्या पालकांस समजावून द्यावे लागते. वाहक असणे हा रोग नव्हे व विवाहास अडथळाही नव्हे. दोन वाहकांनी विवाहापूर्वी समुपदेशन घ्यावे, आणि विवाह झाला असल्यास गर्भधारणेपूर्वी.

शासकीय पातळीवर १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला असून ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या यादीत सिकलसेलचा समावेश आहे, ही माहितीही रुग्णाच्या कुटुंबास द्यावी. या क्षेत्रात सामाजिक जागृती करणारे नागपूरचे संपत रामटेके यांचे नाव २०१८ च्या पद्मश्री यादीत होते. शहरात या कार्याची परंपरा आहे आणि तिला जोड देणे वैद्यवर्गास सहज शक्य आहे.

आरंभ म्हणून एक साधी गोष्ट आम्ही सुचवितो. सिकलसेलग्रस्ताच्या नोंदपत्रकाच्या मागील बाजूस माता, पिता आणि प्रत्येक भावंड यांच्या नावापुढे ‘ए.ए.’, ‘ए.एस.’, ‘एस.एस.’ किंवा ‘तपासणी बाकी’ असे लिहावे. ‘तपासणी बाकी’ असलेले प्रत्येक नाव कुटुंबाच्या पुढील भेटीत पुन्हा विचारावे, आणि ती नोंद कुटुंबाबाहेर कोणासही दाखवू नये.